बाहेर न ठेवलेलं ताट

मी घर सोडलं तेव्हा चार जणांच्या खांद्यावर होते. डोळे मिटलेले होते, पण ऐकू येत होतं. ते कसं, मला सांगता येणार नाही. भंतेजींच्या मागे सगळे त्रिशरण म्हणत होते आणि बाबांचा आवाज एका ओळीनं मागे पडत होता. आई दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तिनं एवढंच मागितलं होतं की पोरीला अग्नी देऊ नका, माती द्या. आमच्यात दोन्ही चालतं. मी जळते आहे हा विचारच तिला सोसला नसता. तिच्या त्या हट्टामुळे मी आज हे लिहिते आहे.

हे मागे राहिलेल्यांसाठी आहे, आणि माझ्यासारखे जे गेले आणि उठून बसले त्यांच्यासाठीही. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. मातीतून परत येणारीही मीच पहिली, पण त्याचे पेढे कुणी वाटले नाहीत.

कावीळ झाली होती, ती अंगात मुरली. बी.एससी.चं शेवटचं वर्ष होतं, प्राणिशास्त्राची परीक्षा राहिली होती. तू का उठलीस, असं लोक विचारतात. मला खरंच माहीत नाही. इतकं आठवतं की मातीखाली पडल्या पडल्या मी बेडकाच्या रक्तवाहिन्या मनात म्हणत होते आणि एक काही केल्या आठवत नव्हती. मग चैन पडेना.

भर दुपारी मी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, परतले. आजोबा भंडाऱ्याहून रेल्वेच्या कामासाठी रायपूरला आले, तेव्हापासून आमचं घर याच वस्तीत. बाबाही रेल्वेतच आहेत, रुळांवर काम करतात. दार त्यांनीच उघडलं. "बाबा, मी आली," मी म्हटलं.

लहानपणापासून त्यांचं एक वाक्य आम्ही ऐकत आलो. शेजारी कुणाच्या लेकराला नजर लागली, कुणी झाडफूक करणारा बैगा बोलावला, की बाबा म्हणायचे, "आपन भूत-प्रेत मानत नाही." त्या दिवशीही तेच म्हणाले. आवाज कापत होता, पण तत्त्व ढळलं नाही. "आपन भूत मानत नाही," म्हणाले आणि दार लावून घेतलं. जे नाहीच, त्याला घरात कसं घ्यायचं? मला रडू आलं नाही, कारण डोळ्यांत पाणीच उरलं नव्हतं. राग आला. आणि थोडा अभिमानही वाटला, हे लिहायला लाज वाटते.

मग मी शंकर नगरात खोली बघितली. घरमालकीण आंटींनी आधी "पूरा नाम" विचारलं. मग माझे निळसर हात बघितले. मी खरं सांगून टाकलं, "आंटी, मैं मर चुकी हूँ।"

"वो तुम्हारा पर्सनल मामला है, बेटा," त्या म्हणाल्या. "नॉनवेज तो नहीं खाती?"

मी बाहेर खाईन, असं सांगून खोली घेतली. सकाळी शिकवण्या घेते; पोरं घाबरून का होईना, अभ्यास करतात. कॉलेजात हजेरीला "प्रेझेंट मॅम" म्हटलं, तर मॅडमनी चष्म्यावरून बघून "तबियत ठीक नहीं है क्या?" एवढंच विचारलं. मे महिन्यात रायपूर जिवंत माणसाला सोसत नाही, माझं काय होतं ते विचारू नका. खिशात कापूर ठेवते, कूलरपुढून हलत नाही. एकदा प्रॅक्टिकलच्या ट्रेमध्ये करंगळी गळून पडली. "ये किसका स्पेसिमेन है?" मॅडमनी विचारलं. मी उरलेल्या बोटांचा हात वर केला.

आता भुकेचं. लपवण्यात अर्थ नाही, मेंदू लागतो. पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी बघताना मला वेणी दिसत नाही. पण मी आजवर कुणाला चावले नाही. जिवंतांपैकी किती जणांना असं म्हणता येईल? गोल बाजाराकडून बकऱ्याचा भेजा आणायचे आणि गच्चीवर, आंटींच्या नजरेआड, कच्चाच खायचे. पोट भरायचं, भूक जायची नाही. मला तो आईच्या हातचा, लसूण-तिखटातला हवा होता.

एका रविवारी भेज्याची पिशवी घेऊन मी घरी गेले. मला बघून शेजारच्या चाची आमच्या दाराशी आल्या, पाठोपाठ आणखी बायका. चाची आईला समजावू लागल्या, "भाभी, बैगा नहीं बुलाना है तो मत बुलाओ। एक थाली दहलीज़ के बाहर रख दो। खाके चली जाएगी, फिर नहीं आएगी।"

आई आत गेली आणि खरंच ताट घेऊन आली. वरण, भात, वांग्याची भाजी. उंबऱ्याशी येऊन वाकली. ते ताट बाहेर टेकलं असतं तर मी मेले असते. मातीत घातलं तेव्हा मेले नव्हते एवढी. आणि भूक अशी होती की मी मुकाट्यानं खाल्लंही असतं.

आई तशीच वाकून राहिली. मग कंबर धरून सरळ झाली.

"नाही," म्हणाली. "आमच्यात मेलेल्यासाठी बाहेर ताट ठेवत नाही. सासूसाठी नाही ठेवलं, बापासाठी नाही ठेवलं. इच्यासाठी काहून ठेवू?" मग माझ्याकडे वळून, "खायचं असन तं आत ये. पाय धू पहिले."

"भाभी, वो भूत है," चाची म्हणाल्या.

आईनं मागे बघितलं. बाबा खाटेवर बसले होते. "काहो, आपन भूत मानतो का?"

बाबा म्हणाले, "नाही मानत."

"मंग हे कोन हाय?"

बाबांनी खाटेवरचे पाय खाली घेतले आणि सरकून जागा केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "परीक्षा कधी हाय तुही?"

आईनं पिशवी उघडली. "जित्ती होती तवा भेजा पाहून नाक मुरडे," ती म्हणाली आणि लसूण सोलायला बसली.

आता मी दर रविवारी जाते, पाऱ्याच्या मधून, दिवसाउजेडी, स्वतःच्या पायांनी. चाची मला बघून अजून दार लावतात. मागच्या खेपेला मात्र फटीतून विचारलं की त्यांच्या पोरीला बायोलॉजी शिकवशील का, दुरून. लोक म्हणतात, मेलेल्यानं मेल्यासारखं राहावं. मी नाही राहणार. परीक्षा देईन, आणि पास झाले तर पुढचंही शिकेन. मला झोपायची घाई नाही, एकदा झोपून बघितलं आहे.

शंकर नगरात माझी खोली आहे, कूलर आहे, पुस्तकं आहेत. घर विचाराल तर ते तिथंच, जिथं माझं ताट उंबऱ्याच्या आत पडतं. परवा आईनं माझी करंगळी शिवून दिली. मी निळसर दोरा काढून दिला होता, कातडीत मिसळेल असा. तिनं तो बाजूला ठेवला आणि सुईत लाल ओवला.

"दिसन ना आई," मी म्हटलं.

"दिसू दे."