अंगणाचा आकडा

बाई कुठल्याही खोलीत शिरल्या की चपला काढायच्या, पदर खोचायच्या आणि सरळ जमिनीवर बसायच्या. गुडघे साथ देत नव्हते, खाली टेकताना तोंडातून "आई गं" निघायचंच. कुणी घाईने खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, "खुर्चीत बसून मला काय कळणार? इथे जमिनीवर बसतं कोण, ते सांगा."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. मीटिंग संपत आली, चहा झाला, सगळे उठायच्या बेतात आहेत, आणि हा एक प्रश्न विचारून सगळ्यांना परत बसवतो. अशा माणसाचा आधी राग येतो. मलाही आला होता.

मी पत्रकं लिहिते. तेव्हाही तेच करत होते. वाघोलीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, एका भंगारच्या गोदामात बंद कारखान्याचं सामान आलं होतं. त्यात एक जाड शिशाचा डबा होता. शिसं विकलं जातं, म्हणून तो गॅस कटरने कापला. आत टाकीतली पातळी मोजायच्या यंत्राचा किरणोत्सारी गाभा होता, सीझियम नावाच्या पदार्थाचा. मिठासारखी पूड. ती गोदामात सांडली, वाऱ्याने अंगणात गेली, चपलांना चिकटून मागच्या कामगारांच्या खोल्यांत शिरली. कापणाऱ्याच्या बोटांना फोड आले आणि दवाखान्यातल्या डॉक्टरला शंका आली, तेव्हा कुठे गावाला कळलं. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, खोल्यांना कुलपं लागली आणि बायकापोरांसकट सगळ्यांना एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात नेऊन ठेवलं. स्टेजवर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच होतं. त्याखाली चुली पेटल्या.

मी पत्रक छापलं: 'शून्य किरणोत्सार! आत्ता! ताबडतोब!' आणि कुणीतरी सांगितलं म्हणून नारायण पेठेत बाईंच्या दारात गेले. बाई किरणोत्सारापासून माणसांना जपायच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला.

"हे शून्य कुठे मिळतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या दुकानात? मला पण हवंय." मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर आपलं छोटं मोजयंत्र ठेवलं. ते बारीक टिकटिकलं. "दगडात असतं, विटेत असतं, तुझ्या-माझ्या हाडांत असतं. शून्य मागितलंस की ते लोक हसतील, तुला अडाणी ठरवतील आणि हवा तो आकडा लिहून मोकळे होतील. आकडा माग. आणि तो कुणासाठी काढलाय ते विचार."

सफाई करणाऱ्यांना कुठेतरी थांबावं लागतं. किती उरलं तर चालेल, हे आधी ठरतं. आणि ते ठरवताना एक माणूस धरावा लागतो: तो तिथे दिवसाचे किती तास असतो, काय करतो, काय खातो. सगळी गोम त्या धरलेल्या माणसात असते. हे मला बाईंनी त्या दिवशी ओट्यापाशी उभं राहून शिकवलं, आणि वर "चहा पाहिजे असेल तर स्वतः कर" असंही सुनावलं.

पहिल्या मीटिंगला सफाईचं काम बघणाऱ्या सरकारी साहेबांनी आकडा सांगितला. सज्जन माणूस, आवाज कधी चढत नाही. बाईंनी विचारलं, "धरलाय कोण?"

"गोदामात काम करणारा प्रौढ पुरुष. आठ तासांची पाळी."

"आणि पाळी संपली की?"

"घरी जातो."

"कुठे?"

घर त्याच भिंतीच्या मागे होतं. तिथे फरशीवर अंथरूण पडतं, फरशीवर ताट वाढलं जातं, रांगणारं पोर फरशीवरून हात फिरवून तो तोंडात घालतं. बाईंनी हे सगळं इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं की जणू भाजीचे भाव सांगताहेत. खोल्यांचा आकडा त्या दिवशी बदलला. फरशा उखडल्या, भिंतींचा गिलावा खरवडला. मी जिंकल्यासारखी नाचले. बाई म्हणाल्या, "अहो पत्रकवाल्या, अंगण राहिलंय." त्या रागावल्या की मला अहो म्हणायच्या.

अंगण म्हणजे गोदाम आणि खोल्या यांच्या मधला सिमेंटचा कोबा. सीझियम सिमेंटमध्ये मुरतं, धुऊन निघत नाही. वरचा थर फोडून न्यावा लागतो, आणि त्याला खर्च येतो. साहेबांच्या हिशोबात तो 'बाहेरचा पृष्ठभाग' होता. लोक त्याच्यावरून चालतात, चप्पल घालून, आणि पुढे जातात. त्यामुळे तिथे बरंच जास्त उरलेलं चालणार होतं.

"चालतात?" बाई म्हणाल्या. "साहेब, उन्हाळ्यात आलात कधी?"

उन्हाळ्यात त्या कोब्यावर चालायला जागाच नसते. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, वर्षभराची हळकुंडं, सगळं तिथेच वाळतं. जुनी साडी अंथरतात, कधी तीही नसते. पोरं राखणीला बसतात आणि ओल्या कुरडया पळवून खातात. दुपार टळली की तिथेच गहू निवडायचे, डोक्यातल्या उवा काढायच्या, रात्री उकडलं की तिथेच झोपायचं. हे कुणाच्याही हिशोबात नव्हतं, कारण हिशोब करणाऱ्यांच्या सोसायटीत कुरडया पाकिटातून येतात.

मला लगेच युक्ती सुचली. पुढच्या मीटिंगला त्याच अंगणात पापड वाळवायचे, साहेबांना तळून द्यायचे, कॅमेरे बोलवायचे. खा म्हणावं!

"आणि खाल्ला तर?" बाई म्हणाल्या.

"नाही खाणार ते."

"खाईल की. एका पापडाने कुणाला काय होतंय? त्याला माहितीये, मलाही माहितीये. खाईल, वर मीठ कमी आहे म्हणेल, आणि तो फोटो सगळीकडे छापून येईल. मग तू काय करणार, लोणचं पाठवणार? प्रश्न एका पापडाचा नाही गं. वर्षानुवर्षं खाण्याचा आहे. तमाशात वर्षं मावत नाहीत."

बाईंनी अंगणासाठी आपला वेगळा आकडा काढून दिला आणि साहेबांच्या कागदावर सही करायला नकार दिला. लोकांच्या बाजूच्या तज्ज्ञ म्हणून त्यांची सही लागणार होती. सही नाही म्हणजे कुलपं निघणार नाहीत. मंगल कार्यालयातले दिवस लांबत गेले. पोरांच्या शाळा बुडाल्या, नळाला पाणी नाही, एका म्हातारीने तिथेच डोळे मिटले.

आणि एके दिवशी शकूताई भडकली. शकूताई त्या खोल्यांतलीच, तिचा नवरा गोदामात हमाल. रोज "जय भीम, बाई" म्हणून हसणारी. त्या दिवशी तिने नमस्कारही केला नाही.

"बाई, तुमचं घर हाय नारायण पेठेत. तुम्ही रोज रात्री तिथं जाता. आमचा संसार इथं त्या स्टेजखाली. तुमच्या आकड्यापायी आम्ही कुठवर कुजायचं? करा ना सही!"

मला वाटलं बाई समजावतील. नाही समजावलं. म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. मला सही करायला काहीच लागत नाही, पेन आहे पर्समध्ये. आत्ता करते. फक्त मला सांग, उद्या तिथे गेल्यावर वाळवण कुठे घालशील?"

"कुठं म्हणजे? अंगणात."

"धाकटी कुठे झोपेल उन्हाळ्यात?"

शकूताईने स्टेजखालच्या आपल्या अंथरुणाकडे पाहिलं.

"लगेच काही होणार नाही. होईलच असंही मी म्हणत नाही. खोटं घाबरवणार नाही मी तुला. पण त्यांनी ठरवलंय की तू अंगणात नसतेस. तुला हे चालत असेल तर मी सही करते. तू सांग."

बायका बाजूला गेल्या. बराच वेळ आपसात भांडल्या. मग शकूताई परत आली आणि म्हणाली, "पेन ठेवा आत." तेवढंच. त्यानंतर पाण्याचा टँकर मिळावा म्हणून कचेरीपुढे ठिय्या मांडायला सगळ्यात पुढे तीच होती.

अंगणाच्या शेवटच्या मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी बाई गेल्या. हृदयविकाराने. मला आजही लोक आवाज खाली आणून विचारतात, "रेडिएशनमुळेच ना?" नाही. साखर होती, वय होतं, आणि दोन जिने रोज चढायच्या. बाईंच्या नावावर खोटा आकडा चढवायचा असेल तर माझ्याशी गाठ आहे.

सकाळी वाघोलीहून टेम्पो भरून बायका स्मशानात आल्या. बाईंच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी विचारलं, "आपण त्यांच्या कोण?" शकूताई म्हणाली, "आम्ही त्यांच्यातल्या." गृहस्थांनी पुढे विचारलं नाही.

मीटिंग पुढे ढकला, असं मी कचेरीत फोन करून सांगितलं होतं. "वेळ ठरलेली आहे, मॅडम नसतील तर आपण उरकून घेऊ," असं उत्तर आलं. उरकून घेऊ! मग आम्ही स्मशानातून तडक तिकडेच गेलो. अंघोळ नाही, काही नाही. केसांना धुराचा वास, पायाला तिथलीच माती.

साहेब उठून उभे राहिले, दोन शब्द चांगले बोलले. मग त्यांच्या लक्षात आलं. "तुम्ही डायरेक्ट तिकडूनच आलात?" आणि त्यांनी खुर्ची मागे घेतली. वीतभरच, पण घेतली. "घरी जाऊन, अंघोळ वगैरे करून यायचं ना. आपण दुपारी बसू हवं तर."

"आमच्यात असलं मानत न्हाईत, साहेब," शकूताई म्हणाली. "तुम्ही मानता. म्हणून खुर्ची मागं घेतली. घ्या. तुमच्या मनाला न्हाई चालत, तर न्हाई चालत. आम्ही म्हणलं का तुम्हाला, की थोडं चालवून घ्या? किती चालंल तुम्हाला ते आम्ही ठरवलं का?"

साहेबांनी समोरचे कागद सरळ केले.

"मग आमच्या अंगणात किती चालतंय, ते तुम्ही कसं ठरवता?"

त्या खोलीत कुणाकुणाला काय काय आठवलं असेल, ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला कळतं.

साहेबांनी पाण्याची बाटली शकूताईकडे सरकवली. तिने हात लावला नाही.

"पाणी मागनं. आधी लिहा."

"काय लिहू?" त्यांनी विचारलं, आणि पेनचं टोपण काढलं.

अंगणात कोण बसतं, काय वाळतं, कोण झोपतं, बायका सगळं एकदम बोलायला लागल्या. साहेब म्हणाले, "एकेक करून बोला, एकेक करून." कुणीही एकेक करून बोललं नाही.