घाईनानांचा हात

घाईनानांना बसणं ठाऊकच नव्हतं. सगळा जन्म खुर्चीमागे उभं राहून लोकांची डोकी भादरण्यात गेलेला. गिऱ्हाईक टेकतंय न टेकतंय तोच कात्री सुरू. हीच घाई एके दिवशी दुकानाच्या पायरीवर नडली आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. न्हाव्याचा हात गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत जात नसेल, तर दुकान काय शोभेला ठेवायचं?

दवाखान्यात त्यांचा हात एका यंत्राच्या खोबणीत पट्ट्यांनी बांधत. पडद्यावरच्या चेंडूपर्यंत हात न्यायचा, जोर कमी पडेल तिथे यंत्र भार उचलणार. नाना यंत्राच्याही पुढे धावायचे. हिसका बसला की यंत्र जागच्या जागी थांबे, आणि नाना त्यालाच आळशी म्हणत. मग त्यांनी शक्कल लढवली. हात राहू दे, कंबरेतून सगळं अंगच कलंडवायचं. चेंडू पटापट सापडू लागले. घरी येऊन त्यांनी बायकोला दुकान झाडायला धाडलं.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी नानांची पाठ पट्ट्याने खुर्चीला बांधली. चेंडू जिथल्या तिथे राहिला.

"खरं सांगा बाई, हा हात पुन्हा कामाचा होईल?"

"होईल असं वाटतं. कधी, ते नाही सांगता येत. पण नाना, कंबर हलवून हात बरा होत नाही. आज भार यंत्राला घेऊ द्या."

भार दुसऱ्यावर टाकणं नानांना जन्मात जमलं नव्हतं. बायको भरवते म्हणाली, तरी ते डाव्या हाताने सांडत-लवंडत जेवत. आज डोळे मिटून त्यांनी हात सोडून दिला. तो वर गेला, थेट कानापर्यंत. बाईंनी आधार कमी केला तसा खाली येऊ लागला, पण सावकाश. हा सावकाशपणा यंत्राचा नाही, तुमचा स्वतःचा, बाई म्हणाल्या. नाना हरखले आणि लगेच धास्तावलेही, कारण सावकाश काही करायची त्यांना सवयच नव्हती.

येताना त्यांनी झाडून ठेवलेल्या दुकानाचं कुलूप ओढून पाहिलं. समोरच्या न्हाव्याशी त्यांचं जुनं हाडवैर. दाढी कधीची वाढली होती, पण त्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायची? आज मात्र ते रस्ता ओलांडून गेले आणि त्याच्या खुर्चीत बसले. वैऱ्याने फेस लावला, हनुवटी धरली.

"मान सैल सोडा, नाना."

हे वाक्य नानांनी जन्मभर लोकांना ऐकवलं होतं, न ऐकणाऱ्यांवर खेकसलेही होते. आता त्यांची स्वतःची मान काही केल्या सैल होईना. वैरी वस्तरा धरून थांबून राहिला.