नरम पत्रा

इंग्रज अजून जायचे होते आणि मी गोंदियाच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. वर्गातल्या होकायंत्राचा काटा शेजारच्या चुंबकामुळे सारखा भरकटायचा. मध्ये नरम लोखंडाचा पत्रा धरला की चुंबकाचा जोर अडतो, असं पुस्तकात होतं. तो पत्रा शोधत मी सायकलने जवळच्याच गोरेगावच्या बाजारात गेलो.

तिथे जुनं लोखंड विकणारा एक म्हातारा बसला होता. चांगला माल तो पंच्याने पुसून गिऱ्हाइकाला दोन्ही हातांनी द्यायचा, वाईट माल पायानेच पुढे सरकवायचा. मी नरम पत्रा मागितला, तसा एक गंजका तुकडा पायाने माझ्याकडे आला.

"मास्तर, हा कायले नेऊन राहिले? याचं खुरपंबी होत नाई. दोन आणे द्या."

"चार घ्या. मला हाच हवा."

"खराब मालाचे चार? मंग बाजारात तोंड कसं दाखवू?" तो भडकलाच.

मी खिशातून होकायंत्र आणि चुंबक काढून त्याच्या गोणपाटावर मांडले. चुंबक जवळ नेला, काटा फिरला. मध्ये पत्रा उभा केला, काटा जवळजवळ जागेवर आला. त्याने स्वतः तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा हसला आणि पत्रा काढून घेतला. आता भाव चढणार, हे मी धरूनच चाललो.

त्याने पत्रा पंच्याने दोन्ही बाजूंनी पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"दोनच आणे," तो म्हणाला. "मी पायानं सरकवलो होतो ना त्याले."