ढिगाऱ्यातले चमचे

लातूरच्या वाटेवर एसटी बंद पडली, म्हणून एका घरी पाणी मागितलं. तिथली म्हातारी काहीच टाकून देत नसावी. तेलाचा डबा कापून केलेली चूल, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी विणलेली बाज. आढ्याला वाकडे चमचे दोरीनं टांगलेले.

"शोभेला छान दिसतात," मी उंबऱ्यात टेकत म्हणालो.

"शोभेला न्हाईत बाबा. भूकंपात घर पडलं, त्या ढिगाऱ्यात घावले. जमीन हालली की आधी हेच वाजतेत."

"घरात कोण असतं?"

"तवापासनं मी एकलीच."

बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. तेवढ्यात चमचे किणकिणले. म्हातारी लगबगीनं अंगणात गेली आणि घराकडे तोंड करून ओरडली, "उठा रे! भायेर या!"

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, उंबऱ्यातून सरक की. लेकरं यायलीत."