विचारून हात लावणारी

आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू मुलगी बसून वाचत नसे. भिंतीला पाठ टेकवायची, गुडघे जरासे वाकवायची आणि हातात ते जाड इंग्रजी पुस्तक धरायची. "कळा येताना बाईला असं बरं वाटते म्हणे काकू, म्हणून मीच करून पाहून राहिली," असं सांगायची. मी म्हणायचे, "पाहा, पण भिंतीचा रंग जातोय."

पोर यवतमाळकडची. हिंजवडीच्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला म्हणून नारायण पेठेत आमच्याकडे राहायला आली. चांगली नोकरी सोडली आणि डूला व्हायचं शिकायला लागली. डूला म्हणजे बाळंतपणात बाईजवळ थांबून तिला धीर देणारी. सुईण नाही, नर्सही नाही.

"मग ती करते काय?" मी विचारलं.

"सोबत करते."

"त्याला पुस्तक लागतं?"

"लागते न काकू."

वडिलांनी तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर जमलं नाही, तर सामान बांधून घरी यायचं आणि ते दाखवतील त्या मुलाशी लग्न करायचं.

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी अभ्यासाला तिला मीच लागायचे. मी मेथी निवडत असले की ती समोर यायची, एक पान वाचायची आणि मला मराठीत सांगायची. "तुम्हाला समजलं की मला समजलं," हे तिचं म्हणणं. मला बहुतेक वेळा समजत नसे. मग ती पुन्हा पान उलटायची. मेथी संपायची, पान संपत नसे.

एका धड्यात होतं, की बाईला तिच्या आधीच्या बाळंतपणाबद्दल बोलतं करावं. तिने मलाच धरलं. "काकू, तुमच्या वेळी जवळ कोण होतं?"

"भिंत," मी म्हटलं.

तिने पुस्तक मिटलं. उरलेली मेथी तिने निवडून दिली. देठांसकट निवडली, ती गोष्ट वेगळी.

पाठ चोळायचा सरावही माझ्यावरच. मी ओट्याला धरून वाकायचे आणि ती दर वेळी विचारायची, "हात लावू का?"

"रोज काय विचारतेस? पाठ कुठे पळून चालली आहे का?"

"विचाराचंच असते काकू. काल हो म्हटलं म्हणून आज हो असते का?"

एकदा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. मी वाकून तोंडाने मोठे श्वास सोडतेय आणि ही माझ्या कमरेवर तळवे दाबून "छान, सोडा, सोडा" म्हणतेय.

वहिनी दारातच थांबल्या. "अहो, या वयात?"

"हो. तिसरं आहे," मी म्हटलं. "पेढे पाठवते."

लेखी परीक्षा ती पास झाली. आता प्रमाणपत्रासाठी एका खऱ्या बाळंतपणात सोबत करायची राहिली होती, आणि ते काही जमेना. दवाखान्यात आत एकच बाई सोडायचे. कुठली आई नाहीतर सासू आपली जागा परक्या मुलीला देणार? दिवाळी जवळ आली. तिचं वाचन बंद झालं. उभी राहायची, पण पान तेच असायचं.

माझ्या सुनेला तेव्हा नववा महिना होता. तिला आई नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच होतं आणि आत मी जाणार हे ठरलेलं होतं. या मुलीने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. शेवटी मीच म्हटलं, "घरात पोटुशी बाई आहे आणि तू गावभर फिरतेस. मला विचारत का नाहीस?"

"तुम्हाला कसं विचारू? बाळंतपण ताईचं आहे. ताईला विचारलं का कोणी, आत कोण पाहिजे म्हणून?"

नव्हतं विचारलं. रात्री जेवताना सुनेला विचारलं.

मुलगा म्हणाला, "अगं, आईच येईल ना."

"तुला विचारलेलं नाही," मी म्हटलं.

ताटाकडे बघतच सून म्हणाली, "वरच्या ताई आल्या तर चालेल?"

मला वाईट वाटलं. वाटायचंच. पण विचारल्यावर उत्तर ऐकावं लागतं.

कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात ती सुनेबरोबर आत गेली, मी बाहेर बाकावर बसून राहिले. नात झाली. आमची भाडेकरू बाहेर आली ती घामाने भिजलेली. म्हणाली, "काकू, पुस्तकातलं एक अक्षर आठवलं नाही."

"बरं झालं. तिथे वाचून दाखवत बसली असतीस."

नंतर सुनेला विचारलं, तिने आत केलं काय? सून म्हणाली, "काय हवं ते विचारायच्या. मी म्हटलं, आता बोलू नका, तर बोलल्या नाहीत. हात मात्र सोडला नाही."

दिवाळीला ती घरी गेली. वडील काय म्हणाले ते मी विचारलं नाही. सुट्टी संपल्यावर परत आली, त्यातच कळलं. आणखी काही वर्षं राहिली. मग नागपूरकडून बाळंतपणांसाठी बोलावणी येऊ लागली, तेव्हा खोली सोडली.

निघताना रिक्षा दारात उभी होती. सामान चढलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काकू, मिठी मारू का?"

"नको. आम्हाला ती सवय नाही."

ती थांबली. नाही म्हटलं की थांबायची, हे तिचं पहिल्यापासूनचं. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी जिन्याच्या कठड्याला धरून वाकले आणि म्हटलं, "पाठ तेवढी चोळून जा."

माझ्यामागे ती जवळ आल्याचं कळलं. हात मात्र आला नाही.

"हात लावू का?" तिने विचारलं.