फोडलेलं पाकीट

पडदा वर जातो. न्यूयॉर्कच्या वुडसाइडमधलं दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. गुरुवार, दुपारचे तीन. खिडकीबाहेर उंचावरच्या रुळांवरून गाडी जाते आणि फडताळातले कप किणकिणतात. टेबलावर प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद केलेली, आरशासारखी चकाकणारी गुणपत्रिका. एका बाजूला आई, नेनिता, मान खाली. दुसऱ्या बाजूला लेक, रोवेना, एकोणीस वर्षांची. अंगातला कोटही अजून उतरवलेला नाही. आणि कोपऱ्यात मी, वरच्या मजल्यावरची म्हातारी. फिलिपिन्समध्ये इलोइलोच्या रंगमंचावर मी असले प्रवेश पुष्कळ केले, पण तिथे विंगेत प्रॉम्प्टर असायचा.

"पाकीट फोडलंस कशाला, आई?"

"गुण बघायचे होते गं. सगळे नव्वदच्या वर! मग वाटलं, कागद चुरगळेल. कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं..."

"शिक्क्याखाली लिहिलं होतं, फोडू नये म्हणून!"

"ते परक्यांसाठी असतं. मी आई आहे तुझी."

आम्हा फिलिपिनो लोकांचं हे असंच. तिकडे वाळवी, पूर, वादळं. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या दाखल्यापासून सगळं मोलाचं आम्ही प्लॅस्टिकमध्ये घालतो. पण नर्सिंग कॉलेजच्या कारकुनाला त्याचं काय? सकाळीच त्यानं सांगितलं होतं, शाळेनं बंद केलेलं पाकीट आणा, नाहीतर शाळेकडून थेट फॅक्स येऊ द्या. मुदत उद्या चारपर्यंत. चुकली तर पुढच्या वर्षी.

रोवेना येरझाऱ्या घालू लागली. टेबलापासून शेगडी, शेगडीपासून दार.

या मुलीचं आयुष्यच मुदतींवर टांगलेलं. नेनिताच्या बहिणीनं या कुटुंबाला अमेरिकेत बोलावण्यासाठी इकडून अर्ज केला, तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता. हिच्या एकविसाव्या वर्षाआत नंबर लागला नसता, तर आईबापांना ग्रीन कार्ड मिळालं असतं आणि ही तिकडेच राहिली असती. नंबर लागला तो अठराव्या वर्षी. चौदा महिने बेकरीत पाव विकून तिनं प्रवेशाचे अर्ज भरले. कारकून परदेशी विद्यार्थ्यांची फाइल काढायला लागला, तेव्हा कायम रहिवाशाचं कार्ड काउंटरवर आपटून म्हणाली होती, "ती फाइल ठेवा. मी इथलीच आहे." आणि आता ही गत.

"पोरी, बस जरा," मी म्हटलं.

"बसून काय होणार, आजी? आपल्या उद्या संध्याकाळी तिकडे शनिवार उजाडेल, शाळा बंद! फोन आजच करायला हवा."

"मग अजून चार तास आहेत. कोट तरी काढ."

कोट काढला, पण पाय थांबले नाहीत. संध्याकाळचे सात वाजले, तिकडे त्यांच्या गावी, गिंबालला, शुक्रवार सकाळचे आठ. रोवेनानं शाळेत फोन लावला. पलीकडे पालमारेसबाई, नेनितालाही त्यांनीच शिकवलेलं. आवाज असा खणखणीत, की आम्हा दोघींनाही शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"पुन्हा कशाला? मी स्वतः तुझ्या आईच्या हातात दिलं होतं. काय केलं तिनं त्याचं?"

नेनितानं डोळे मिटून घेतले. बाईंना कळलं म्हणजे दुपारपर्यंत अख्ख्या गिंबालला कळणार. दुपारभर आईवर आग पाखडणारी रोवेना आता काय बोलते, म्हणून मी कान टवकारले.

"आईनं जपूनच ठेवलं होतं, बाई. मीच फोडलं. मूर्खपणा झाला."

पुढची पाच मिनिटं तिनं निमूट शिव्या खाल्ल्या आणि फॅक्सचा नंबर दोनदा वाचून दाखवला.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी कॉलेजच्या काउंटरसमोर उभ्या. कारकुनानं एक गठ्ठा चाळला, दुसरा चाळला. रोवेनाची बोटं काउंटरवर तबल्यासारखी वाजत होती. तिसऱ्या गठ्ठ्यातून त्यानं कागद ओढला, शाळेचं नाव वाचलं, अर्जाला टाचला आणि शिक्का मारला. "अर्ज पूर्ण."

बाहेर पायऱ्यांवर नेनिताला रडू फुटलं. "माझ्यापायी तू बाईंशी खोटं बोललीस गं."

रोवेनानं तिच्या गळ्यातला मफलर नीट केला.

"मग रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांपुढे माझ्या वतीनं पापाची कबुली तूच दे, आई. मी झोपणार आहे."