दुसऱ्याच्या हातचा व्यायाम

आपलं अंग बरं करण्याचं काम देवाने इतर लोकांवर सोपवलेलं आहे, अशी माझ्या थोरल्या साडूंइतकी पक्की श्रद्धा असलेला माणूस उभ्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. भोकरदनला त्यांच्या ओसरीत पाय ठेवावा तर हे पालथे पडलेले, आणि कोणी ना कोणी त्यांना रगडत किंवा तुडवत असायचं. दाढीला आलेल्या न्हाव्याकडून मान आणि पाठ रगडून घेतल्याशिवाय त्याची सुटका नसे. शेजारी गप्पा मारायला आला तर गप्पा होत, पण त्याचे हात यांच्या पोटरीवर असत. एकदा कमरेत उसण भरली. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, हे आपल्याकडे सगळेच ऐकून असतात. पण हे त्या लाथेसाठी एसटीने थेट वाटूरला गेले, आणि परत आल्यावर आठवडाभर त्या पायाची तारीफ करत होते. मी शाळेत जन्मभर पोरांना कवायत शिकवलेला माणूस. उठा, हला, घाम गाळा, एवढंच माझं वैद्यक. त्यामुळे आमचं कधी जमलं नाही, आणि भेटल्याशिवाय करमलंही नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. दुसऱ्या कोणाचं एवढं अडलं नसतं, पण त्यांच्या भावकीत लग्नाचे फेटे यांनीच बांधायचे असा रिवाज पडून गेलेला. पुतण्याच्या लग्नात डोक्यापर्यंत हात पोचेना म्हणून यांनी मुलीच्या बापालाच सतरंजीवर खाली बसायला सांगितलं. भर मांडवात आपल्याला पायाशी बसवलं म्हणून व्याही रुसले. पोराकडच्या चार वडीलधाऱ्यांनी हात जोडले तेव्हा कुठे पंगत बसली.

मग मी त्यांना नवीन जालन्यात एका फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे नेलं. तिने खांदा शेकला, हळूहळू हलवून पाहिला, तोवर हे तृप्त होते. नंतर तिने भिंतीवर बोटं चालवत हात वर कसा न्यायचा ते दाखवलं आणि हे रोज घरी स्वतः करायचं म्हणून सांगितलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं.

"फी आपण द्यायची अन मेहनतबी आपणच करायची? मंग ही काय करून राह्यली?"

ती हसली. दाबल्याने घटकाभर बरं वाटतं काका, पण खांदा तुम्ही हलवाल तरच मोकळा होईल, असं तिने समजावलं. साडूंना ते पटलं, निदान मला तसं वाटलं. आठ दिवसांनी जाऊन पाहतो तर हे भिंतीजवळ खुर्ची टाकून बसलेले, आणि त्यांची मुलगी त्यांची बोटं धरून एकेक करून भिंतीवर चालवत होती. व्यायाम बराबर चालू असल्याचं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं.

ही त्यांची एकुलती एक. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. रोज संध्याकाळी लसूण घालून तेल कढवायचं आणि वडिलांचा खांदा चोळायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. परभणीचं चांगलं स्थळ आलं, मुलगा तिलाही आवडला, तरी ती होकार देईना. मी आडून आडून विचारलं तर म्हणाली, "काका, मी गेल्यावर दादांचा खांदा कोण दाबंल? तो बरा होस्तोर मी लग्न करत न्हाई."

माझ्या पोटात काही राहत नाही. त्याच दिवशी साडूंना सांगून टाकलं. ते उठले आणि भिंतीकडे गेले.

त्यानंतर मुलीने हात लावायला घेतला की ते खेकसत. दात-ओठ खात, कवायतीच्या मास्तरांचा कुळासकट उद्धार करत ते बोटं वर चढवत. चुन्याच्या भिंतीवर त्यांच्या तेलकट बोटांचे ठसे महिन्या-महिन्याला वर सरकत गेले. लग्नात त्यांनी परभणीच्या चांगल्या उंचापुऱ्या व्याह्यांना उभ्यानेच फेटा बांधला. शेवटचा पेच खोवताना त्यांचे डोळे भरून आले होते. खांदा दुखला असेल, असं तेव्हा मी धरून चाललो.

परवा गेलो तेव्हा ओसरीत एकटेच बसले होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी दोन्ही हात सरळ वर करून दाखवले. मला चेव आला. शेवटी व्यायामच जिंकला की नाही, असं मी त्यांना डिवचलं.

"जितलात साडूभाऊ," ते म्हणाले. "पोरगी रोज सांजच्याला फोन करते. दादा, खांदा कसा हाय म्हणते. बिलकुल दुखत न्हाई म्हणून सांगतो. मंग पुढं काय बोलावं, ते तिलाबी सुचत न्हाई अन मलाबी."

मी आत जाऊन थोडं तेल गरम करून आणलं, त्यांच्या मागे बसलो आणि तो ठणठणीत खांदा चोळू लागलो. ते नको म्हणाले नाहीत.